थोरलीचा चौथा बोल्ट

सोमवार, ३

दवाखाना नव्या डॉक्टरांच्या हवाली केल्यापासून संध्याकाळी लिहायला काही उरलेलं नाही. इतकी वर्षं केस पेपर लिहिताना हात दुखतो म्हणून कुरकुर करायचे, आता तोच हात शिवशिवतो. म्हणून ही वही काढली. आजपासून थोरलीची केस लिहिणार आहे.

थोरली म्हणजे आमची गाडी. लेकीच्या आधी घरात आली म्हणून ती थोरली आणि लेक धाकटी. लेकीने लहानपणी ह्यावरून बराच थयथयाट केला, पण नाव राहिलं ते राहिलंच. फुगीर मडगार्ड, बशीएवढे गोल दिवे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. ह्यांनी ती मोडक्या अवस्थेत घरी आणली आणि विमा कंपनीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली पडून पडून धावती केली. ग्रीसचा डाग नसलेला टॉवेल मी लग्नानंतर घरात पाहिलेला नाही.

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, चालणं-फिरणं सुरू झालं, पण वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, वाकून काम करायचं नाही. तेव्हापासून ह्यांनी थोरलीवर कापड टाकलं ते पुन्हा उचललंच नाही. दिवसभर खुर्चीत बसून असायचे. मग मागच्या आठवड्यात एकदा जेवता जेवता म्हणाले, "विकून टाकू तिला. माझ्या हातून आता काही व्हायचं नाही. नुसती उभी राहून कुजण्यापेक्षा चांगल्या घरी जाऊ दे."

मी म्हटलं, ठीक. लेक फोनवर म्हणाली, बाबांनी शहाणपणा केला.

थोरलीला स्थळही लगेच आलं. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आहेत. बूट असे की त्यात बघून भांग पाडावा. गाडीभोवती फिरले, पत्र्यावर टिचक्या मारल्या, खूश झाले. अट एकच घातली, गाडी स्वतःच्या पायांनी आली पाहिजे, ओढून नेणार नाही. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी न्यायला येतो म्हणाले.

आणि इथेच घोडं अडलंय. इंजिनाच्या पाठीमागे, अगदी आतल्या पत्र्याकडे तोंड करून, पाण्याच्या वाटेवर तळहाताएवढं झाकण आहे. तिथून पाणी गळतं आणि इंजिन तापतं. झाकण बदललं की झालं. त्याला चार बोल्ट. कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी तीन काढले आणि चौथ्यापाशी हात टेकले. तो गंजून इंजिनाशी एकजीव झालाय. मिस्त्री म्हणाले, गॅसने लाल करू, नाहीतर डोकं कापून ड्रिल मारू. पण इंजिनाचं ओतीव बीड जुनं आहे, तडा गेला तर इंजिन गेलं, मग गाडी भंगारातच. हे ताडकन "नको" म्हणाले. मिस्त्री म्हणाले, मग बसा बघत. ते गेले ते आलेच नाहीत.

आज दुपारी मी जुन्या बॅगेतून तोंडात घालायचा छोटा आरसा काढला, कपाळाला दिवा बांधला आणि आत डोकावून पाहिलं. बघताक्षणी ओळखलं. हा बोल्ट नाही, ही अक्कलदाढ आहे.

मी ह्यांना सांगितलं, ही मी काढणार. मोडली तर थोरली भंगारात, निघाली तर धडपणे सासरी. माझ्या हातून आजवर तोंडात मोडून राहिलेली दाढ नाही. 

मंगळवार, ४

व्यवस्था अशी. ह्यांची खुर्ची पलीकडच्या मडगार्डपाशी. ह्यांनी फक्त बोलायचं, हात लावायचा नाही. मी अलीकडून स्टुलावर उभी, बॉनेटखाली अर्धी आत. डाव्या हातात आरसा, उजव्यात पाना. बोल्टाचं डोकं पलीकडे तोंड करून आहे, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, आरशातच दिसतं.

ह्यांना विचारलं, "घड्याळाच्या काट्याच्या उलट ना?"

"बोल्ट सोडायचा म्हणजे उलटच."

आरशात बघून पाना बसवला आणि फिरवला. हे एकदम "थांब" म्हणाले.

"काय झालं?"

हे माझ्या कोपराकडे बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "काही नाही. चालू दे."

मला हसू आलं. ह्यांना वाटलं असणार, आरशात बघून हिला जमायचं नाही. अहो, आरशात बघून काम करणं माझ्या डाव्या हाताचा मळ आहे. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढा मी आयुष्यभर उलट्या बघून सुलट्या कोरल्या. आरसा दुसऱ्या कुणालाही फसवेल, मला नाही.

बोल्ट हलला नाही. पहिल्या दिवशी हलेल असं मलाही वाटलं नव्हतं.

बुधवार, ५

आज सिरिंजला लांब सुई लावली, सुई वाकवली आणि गंज सोडवायचं तेल थेंब थेंब बोल्टाच्या मुळाशी सोडलं. हिरडीत इंजेक्शन देतात तसंच. मिस्त्री डबाभर तेल ओततात आणि त्यातलं निम्मं त्यांच्या चपलेवर पडतं. हे म्हणाले, "असं कुणी करताना पाहिलं नाही." मी म्हटलं, "बघून घ्या."

बोल्ट जागचा हलत नाही, पण ह्यांची गाडी रुळावर आलीय. सकाळी मी सांगायच्या आधी गाडीच्या शेडमध्ये जाऊन बसले होते. थोरलीवरचं कापड घडी करून ठेवलं होतं आणि मऊ फडक्याने दिवे पुसत होते. बसून पुसत होते, म्हणून मी ओरडले नाही. चहा दुसऱ्यांदा मागून घेतला. ही गाडी कशी मिळाली, कुठल्या गोठ्यात उभी होती, आत कोंबडीने अंडी कशी घातली होती, सगळं सांगितलं. मला ते पाठ आहे, तरी ऐकलं.

"घाई करू नकोस," असं दिवसातून किती वेळा म्हणाले असतील. मी म्हटलं, रविवार नाही का गाठायचा? त्यावर म्हणाले, "बघू." ह्या माणसाला तारखेचं गांभीर्य कधीच नव्हतं.

शुक्रवार, ७

आजही नाही. उलट मला वाटतंय की तो आणखी घट्ट झालाय. मंगळवारी पाना लावला की बोल्ट नुसता मुका होता. आज सगळं इंजिनच माझ्यावर दात खातंय असं वाटलं.

संध्याकाळी अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला. एरवी लिहिणार नव्हते, पण ही वही माझीच आहे. दवाखाना मी आपणहून सोडला असं सगळ्यांना सांगते. खरं तर लेकीने सुचवलं. "आई, हात चांगले आहेत तोवर थांबलेलं बरं," म्हणाली. वाक्य गोड होतं, पण मला त्यातलं ऐकू यायचं ते आलं. हात हळू झालेत हे तिला दिसलं होतं. एक साधा बोल्ट चार दिवसांत हलत नाही म्हणजे तिचं बरोबरच असेल काय?

मी ह्यांना नुसतं म्हटलं, "हातात पूर्वीसारखा जोर नाही राहिला."

"तुझ्या हाताला काही धाड भरलेली नाही," हे म्हणाले. इतकं ठासून म्हणाले की मी चमकले. म्हणताना माझ्याकडे न बघता फडकं पिळत होते. फडकं कोरडं होतं.

शनिवार, ८

लेकीचा फोन. "आई, तू इंजिनात हात घालतेस? आणि बाबा काय करतात?"

"बाबा अध्यक्षस्थानी असतात."

तिला सगळं सांगितलं. बाबा दोन वेळा पोटभर जेवतात, दुपारचं लोळणं बंद झालंय, काल शेडमध्ये गुणगुणत होते. लेक म्हणाली, "बघ, विकायचं ठरलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं." मलाही पटलं. निर्णय झाला की माणूस मोकळा होतो. लवकर ह्यातून सोडवायला हवं त्यांना.

सोमवार, १०

आज घरात वादावादी झाली. मी शेजारच्या प्लंबरकडून लोखंडी पाइपचा तुकडा मागून आणला. पान्याच्या दांड्यावर चढवला की दांडा लांब होतो आणि थोड्या जोरात मोठं काम होतं. पाइप चढवला, पाय रोवले, श्वास घेतला, तेवढ्यात हे खुर्चीतून उठून पलीकडून आले आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"पाइप नको."

"का नको? जोर कमी पडतोय."

"अगं, तसं नको. मोडेल तो. तसं नको करूस."

"तुम्ही आधी खाली बसा. तुम्हाला धावायला कुणी सांगितलं?"

कपाळावर घाम आला होता त्यांच्या. मी पाना टाकला आणि नाडी धरून बसले. नाडी पळत होती, पण ठीक होती. मग मला जे सुचलं ते सगळं बोलले, हृदयाच्या झडपांपासून सासूबाईंच्या हट्टी स्वभावापर्यंत.  शेवटी हे हळूच म्हणाले, "गाडी घेणाऱ्यांना कळवू या का, अजून महिनाभर लागेल म्हणून? कदाचित जास्तच."

मी म्हटलं, "मी कधी पेशंटला तोंड उघडं ठेवून महिन्याने या म्हणून घरी पाठवलेलं नाही. रविवार म्हणजे रविवार."

 पाइप मात्र त्यांनी स्वतःच्या खुर्चीखाली ठेवून घेतला.

मंगळवार, ११

हे पान लिहून झालं की फाडून टाकावं असं वाटतंय.

सकाळी केस विंचरत होते आणि डोक्यात कालचं एकच घोळत होतं. हे "तसं नको" म्हणाले. तसं म्हणजे कसं? पाइप तर मी सरळच धरला होता. मग उगाच आपलं मनाच्या समाधानासाठी मिस्त्रींनी काढलेल्या तिघांपैकी एक बोल्ट आणि ह्यांच्या पेटीतला त्यावर बसणारा एक नट घेतला, बोल्टाचं डोकं आरशाकडे केलं आणि आरशात बघून, त्याचं डोकं काट्याच्या उलट फिरताना दिसेल असं फिरवलं.

नट घट्ट झाला.

पुन्हा केलं. पुन्हा घट्ट झाला. आरशात उलट दिसणारं फिरणं खरं म्हणजे सुलट असतं. इतकी साधी गोष्ट. दात कोरताना हात पुढे-मागे जातो, डावी-उजवी होते, ते माझ्या हाताला झोपेतही कळतं. पण आरशात बघून गोल फिरवायची वेळ आयुष्यात कधी आली नाही, त्यामुळे ते शिकलेच नाही. आठवडाभर मी अंगातली सगळी ताकद लावून तो बोल्ट आवळत होते. ज्या बोल्टाला मिस्त्री घाबरले त्याला मी आणखी बंदोबस्तात ठेवलं.

कानशिलं तापली माझी. पलंगावर बसून राहिले. आरसा मला फसवणार नाही, हे मीच मागे लिहिलंय, ते वाचवेना.

ह्यांना सांगणार नाही. ह्यांच्या लक्षात येण्याचा प्रश्नच नाही. ते पलीकडे बसतात, तिथून माझा कोपर तेवढा दिसतो. कोपरावरून काय कळणार? लेकीला तर मुळीच सांगणार नाही. तिच्या हातात कोलीत कशाला द्या.

एक मात्र बरं झालं. हातात जोर नाही म्हणत होते, तो बोल्ट इतका आवळण्याइतका तर आहे.

बुधवार, १२

आजपासून योग्य दिशेने.

स्टुलावर चढले, पाना बसवला आणि काही झालंच नाही अशा थाटात उलट्या बाजूला जोर दिला. हे फडक्याने दाराची मूठ पुसत होते. हात थांबला त्यांचा.

"आज असं?" म्हणाले.

"असं म्हणजे?"

"काही नाही."

चेहरा उतरला होता. मी रक्तदाब मोजला, तो माझ्यापेक्षा चांगला निघाला. चहा तसाच ठेवला. तासाभराने घरात जाऊन पडतो म्हणाले. परवा ते धावले त्याचाच हा परिणाम असणार.

मी एकटीने काम चालू ठेवलं. दवाखान्यातून येताना जुना स्केलर घरी आणला होता, दातांवरचं किटण उडवायचं यंत्र. त्याचं टोक फार बारीक थरथरतं. ते बोल्टाच्या भोवताली फिरवलं तर काय सांगू, दातावरच्या किटणासारखा गंज भुसभुशीत होऊन गळायला लागला. तपकिरी पूड. मग पुन्हा सुईने तेल. मग पाना. थोडं सोडायच्या बाजूला, थोडं आवळायच्या बाजूला, पुन्हा सोडायच्या. दाढ ओढायची नसते, डुलवायची असते. ओढली की मोडते. नवशिक्यांना हेच समजवता समजवता माझा घसा बसायचा.

डुलली नाही. पण आवाज बदलला.

गुरुवार, १३

सगळं केलं आणि काहीही झालं नाही. ह्यांना म्हटलं, तुमच्या पेटीतला डाग द्यायचा, विजेवर तापणारा सोल्डरचा खिळा हवा, बोल्ट जरा तापवते. हे बराच वेळ पेटी उपसत बसले आणि सापडत नाही म्हणाले. मी गेले तर तो वरच होता, पकडीच्या शेजारी. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय त्यांचा.

तापवला, गार केला, तेल सोडलं, पाना लावला. नाहीच.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मी मूठ उघडत-मिटत होते, अंगठा नीट मिटेना. उगाच डोळ्यांत पाणी आलं. इतकं आलं की लपवता येईना. मी म्हटलं, "पोरगी म्हणते तेच खरं. हात गेले माझे. दवाखाना सोडला ते बरंच झालं, नाहीतर कुणाचा तरी जबडा मोडला असता."

हे काही बोलले नाहीत. एखादं बरं वाक्य तरी बोलावं माणसाने. मान खाली घालून जेवले, ताट उचलून ठेवलं आणि बराच वेळ शेडच्या दाराशी उभे राहिले. मला राग आला. माझे हात गेले तरी ह्यांना आपली गाडीच दिसते.

शुक्रवार, १४

सकाळी टेबलावर, माझ्या कपाच्या शेजारी, मेणबत्ती ठेवलेली. ह्यांनीच ठेवली होती.

"वीज गेलीय का?"

"नाही. बोल्टाचं डोकं तापव. चटका बसेल इतकं. मग मेणबत्ती मुळाशी टेकव. मेण पातळ होऊन आट्यांमध्ये ओढलं जातं, तेलापेक्षा आत जातं. थोडं गार होऊ दे, मग तुझ्या पद्धतीने डुलव. निघतो."

 "हे तुम्हाला माहीत होतं? मग इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"आठवलं नाही."

ऑपरेशननंतर स्मरणशक्ती थोडी मंदावते असं ऐकलं होतं, ते खरं दिसतं. पुढच्या तपासणीला विचारते.

मग ह्यांनी खुर्ची पलीकडून उचलायला लावली आणि अलीकडे, माझ्या स्टुलाला लागून मांडायला लावली. दिवा त्यांनी धरला. मी डोकं तापवलं, मेणबत्ती टेकवली. मेण पांढरं धुरकट होऊन खरंच आत गेलं, जणू बोल्टाने पिऊन टाकलं. थांबले. पाना बसवला. किंचित आवळायच्या बाजूला. किंचित सोडायच्या. पुन्हा आवळायच्या.

आणि सुटला.

आवाज वगैरे काही होत नाही. हाताला कळतं. दाढ हाडापासून सुटते त्या क्षणी बोटांना जे कळतं ना, तेच. ते ज्याला आयुष्यात एकदा कळलं त्याला पुन्हा दुसरं काही सांगावं लागत नाही. माझा हात तिथेच थांबला. "निघाला," मी म्हटलं. हे म्हणाले, "अजून निघाला नाही." मी म्हटलं, "मला विचारा."

पाव वळसा. अर्धा. करकरत, तांबडी पूड सांडत, शेवटी बोटांनी फिरला. एक आटा तुटलेला नाही, बिडाला ओरखडा नाही. बोल्ट सबंध, मुळासकट, माझ्या तळहातावर.

मला इतका अभिमान वाटला की सांगायची सोय नाही. पहिली अक्कलदाढ काढली होती त्या दिवशीही इतका वाटला नव्हता. तेव्हा सर शेजारी उभे होते. आणि हे इंजिन तर माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी स्टुलावरून उतरले, मागच्या अंगणात गेले, परत आले, पुन्हा बोल्ट बघितला. माझे हात आहेत. जागच्या जागी आहेत.

हे बोल्ट हातात घेऊन उलटसुलट बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, हात आहे हो तुमचा." आवाज जरा घोगरा होता. सकाळी गार पाण्याने अंघोळ केली असणार, कितीदा सांगितलं तरी ऐकत नाहीत.

शनिवार, १५

नवं झाकण, नवं पॅकिंग, नवे चार बोल्ट. सगळे योग्य दिशेने आवळले, आरसा न बघता. पाणी भरलं. हे आत बसले, चावी फिरवली. थोरलीने दोनदा खाकरून घेतलं आणि चालू झाली. अर्धा तास चालवली, एक थेंब गळला नाही.

आवाज ऐकून मिस्त्री आले. काय झालं ते ऐकून त्यांनी तोंडात बोट घातलं. ह्यांनी त्यांना सगळं सांगितलं, सुई, स्केलर, मेण. "मी नुसता बसलो होतो," असं चार वेळा सांगितलं. मिस्त्री मला म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे दोन बोल्ट असेच अडकलेत, येता का?" मी म्हटलं, "अपॉइंटमेंट घ्या."

लेकीला फोन करून बोल्टाचा फोटो पाठवला. ती म्हणाली, "आई, सॉरी." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारावंसंही वाटलं नाही. पुरेसं होतं ते.

संध्याकाळी हे एकटेच थोरलीत जाऊन बसले होते. सगळे दिवे बंद, नुसते बसलेले. मी हाक मारली नाही.

रविवार, १६

आज जे झालं ते मी ठरवून केलं नाही.

बूटवाले गृहस्थ आले. गाडी चालू करून दाखवली. ते म्हणाले, छान, छान. मग मी, साहजिकच, त्यांना बॉनेट उघडून ते झाकण दाखवायला लागले. कुठून तेल सोडलं, कसा डुलवला. त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "तुम्ही उगाच एवढा त्रास घेतलात. इंजिन मी नाहीतरी काढूनच टाकणार आहे. आत नवं बसवतो, एसी, पॉवर स्टिअरिंग. बाहेरून तेवढी जुनी दिसली पाहिजे, समारंभांना भाड्याने जाते. इथून घरापर्यंत पोचली की हे इंजिन भंगारात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मडगार्डवर हात ठेवून उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

मी बॉनेट खाली घेतलं आणि म्हटलं, "गाडी विकायची नाही."

"अहो, पण ह्यांनी शब्द दिलाय मला."

"दिला होता, ती चांगल्या घरी जाणार म्हणून. इंजिन भंगारात घालणार हे तुम्ही आज सांगताय. आणि मी शब्द दिलेला नाही."

"हेच तर म्हणाले, आता काम झेपत नाही. मग बघणार कोण तिच्याकडे?"

"मी." हे तोंडातून निघालं तेव्हा मलाही ते पहिल्यांदाच कळलं. "ह्यांनी सांगायचं, मी करायचं. आत्ताच केलंय. तुम्हाला दाखवत होते तर तुम्ही घड्याळ बघत होतात."

गृहस्थ ह्यांच्याकडे वळले. मला वाटलं, आता हे मला गप्प बसवतील, शब्दाला फार जपतात. पण हे म्हणाले, "डॉक्टरांचं म्हणणं तुम्ही ऐकलंत." आणि झटकन शेडच्या मागे निघून गेले. गृहस्थ बरेच नाराज होऊन गेले. जाईनात का.

मी मागे गेले तर हे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. म्हणाले, पेट्रोलची वाफ गेली. मी चांगले पाच-सहा हबके मारून डोळे धुवायला लावले.

मग त्यांनी चावी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत थोरलीची चावी मला धरायला मिळाली ती फक्त शोधून द्यायची असेल तेव्हा. दांड्यावरचा गिअर मला सापडेना, दोनदा बंद पडली, रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. हे शेजारच्या सीटवर ताठ बसून होते, नातेवाइकांकडे पहिल्यांदा नवी सून दाखवायला निघाल्यासारखे. मागच्या गल्लीतून, शाळेवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून आलो. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध, जरासुद्धा वर नाही. ज्याला वाटेल त्याने येऊन बघावं.

टाकीपाशी मी ह्यांना विचारलं, "खरं सांगा. मला तो बोल्ट काढता येईल असं तुम्हाला वाटलं होतं का?"

 हे समोर बघतच म्हणाले, "पहिल्याच दिवशी वाटलं होतं. तीच तर धास्ती होती."

धास्ती कसली, ते मी विचारलं नाही. बोल्ट मोडायची, दुसरी कसली असणार. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्या भित्र्या माणसाने मला स्वतःच्या एका दाताला हात लावू दिला नाही, तो बोल्टावर काय विश्वास ठेवणार?

घर आलं. मी वळायला लागले तर त्यांनी स्टिअरिंगवर, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, अजून एक फेरी."

मी सरळ पुढे घेतली.